दोन टक्केचिन्हांमधली जागा

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, पोरीच्या जातीला एवढा राग शोभत नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. ते म्हणायचे, "असू दे. पर जपून वापर. गोळ्या मोजून मिळत्यात." कवठे महांकाळच्या नोकरीत मी तो एकदाच नीट नेम धरून वापरला. त्याची ही हकीकत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मेंढ्यांच्या लसीकरणाचं काम करणारी एक खाजगी संस्था होती. मुख्य कार्यालय साताऱ्याला, आणि शाखा शिरवळ, आष्टा, सांगली आणि कवठे महांकाळ अशा चार. आमच्या कवठ्याच्या शाखेत एक खोली, एक फ्रीज, एक संगणक आणि मी. सांगलीत वर्षभराचा कोर्स करून मी तिथं सहा महिन्यांच्या ऑर्डरवर लागले होते. सहा महिने संपले की साताऱ्याच्या मॅनेजर साहेबांची मर्जी असेल तर पुढची ऑर्डर. आमच्या बौद्ध वस्तीत संगणकावर बोटं चालवून पगार आणणारी मी पहिलीच. आई डबा देताना शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायची, "मशीन बरं हाय न्हवं तुजं?"

पूर्वेकडच्या माळावरचे धनगर कळप घेऊन यायचे. कुठल्या गावचा कळप, किती मेंढरं, कुठली लस कधी दिली, पुढची कधी, हे मी नोंदवायचे. रोज सकाळी अकराला साताऱ्याचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकेका शाखेला फोन लावायचा. मोडेम किंचाळायचा आणि दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या जायच्या. माझ्याकडचं नवं तिकडं जायचं, तिकडचं नवं माझ्याकडं यायचं. पुस्तकात त्याचं नाव मोठं होतं, आम्ही नुसतं 'जुळणी' म्हणायचो. जुळणी झाली की कुठल्या शाखेला किती लस लागणार ते साताऱ्याला कळायचं आणि दुपारच्या एसटीनं बर्फात ठेवलेली पेटी निघायची. जुळणी फसली तर त्या दिवशी पेटी नाही.

जुळणी फसली की साताऱ्याच्या प्रिंटरवर एक ओळ छापून यायची आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर जायचा. मला हे ठाऊकही नव्हतं. पहिला मेमो हातात पडला तेव्हा कळलं. त्यात ती ओळ जशीच्या तशी लिहिली होती: 'कवठे महांकाळ शाखेतील ऑपरेटरच्या चुकीमुळे नोंदी पोचल्या नाहीत.' हे महिन्यात पाच वेळा घडलं होतं म्हणे.

मी काय केलं? माफी मागितली. यापुढे काळजी घेईन असं लिहून दिलं. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं मला खरोखर वाटलं. नवीन नोकरी, नवीन मशीन, आणि शाळेपासून अंगात मुरलेली एक सवय, की वर्गात काही हरवलं की आपण आधी आपलं दप्तर उघडून दाखवायचं. त्या खुलाशाची मला आजही लाज वाटते. दुसरा मेमो आला तेव्हाही मी तसंच लिहिलं, फक्त अक्षर जास्त चांगलं काढलं.

मधल्या काळात एकदा पेटी खरंच आली नाही. पावसाळ्याआधीच्या लसीचे दिवस होते. एक म्हातारे धनगर आजोबा आदल्या दिवशीच कळप घेऊन येऊन थांबले होते. सकाळी मी खोली उघडली तर ते पायरीवरच बसलेले.

"बाय, पेटी आली न्हाई व्हय?"

"नाही आली, आजोबा. माझ्याच चुकीनं राहिली म्हणतात."

"कोण म्हंतंय?"

"साताऱ्याचं मशीन म्हणतंय."

आजोबांनी तंबाखू मळली, उगाच घाई केली नाही. मग म्हणाले, "कुनाच्या रानात मेंढरू शिरलं की मानूस आदी कानाची खूण बगतो. खूण असली तर ज्याचं त्याचं नाव घेतो. बिनखुणंचं असलं की नाव आमचंच. का? तर आमी जवळ बसल्यालो असतो म्हून. तुजं तसंच झालंया. लय जवळ बसलीयास तू."

मी हसले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

तिसरा मेमो आला तो साताऱ्याला हजर होण्याच्या हुकमासकट. महिनाअखेरीला माझी ऑर्डर संपत होती. मेमोला साहेबांनी पुरावा म्हणून प्रिंटरच्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. एकाखाली एक तीच ओळ, नुसत्या तारखा वेगळ्या, त्याही कुणीतरी पेनानं घातलेल्या. मी तारखा वाचत गेले आणि एका आठवड्यावर थांबले. त्या आठवड्यात माझा संगणक माझ्याकडे नव्हताच. तो दुरुस्तीला सांगलीला होता, तेवढे दिवस माझी शाखा जुळणीतून वगळलेली होती, आणि पोचपावती माझ्या खणात होती. बंद मशीनवर, तेही पन्नास किलोमीटरवर पडलेल्या, मी तीन वेळा चूक केली होती.

त्या दिवशी मला आला तो राग जन्मात आला नव्हता. साहेबांवर नंतर आला, आधी स्वतःवर आला. दोनदा लिहून दिलेली माफी आठवली आणि कानशिलं तापली.

घरी आण्णांना कागद दाखवला. ते फौजेत सिग्नलमध्ये होते, वीस वर्षं निरोप घेण्यात आणि पुढं पाठवण्यात गेलेली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे परत केला.

"ह्यो मेसेज न्हवं. मेसेजमधी फ्रॉम पायजे, टू पायजे, टाइम पायजे. आमचा छापील फॉर्म असायचा, ह्या जागा मोकळ्या. जसा मेसेज तसं भरायचं. हितं समदं आदीच भरल्यालं हाय. ह्ये तर घरनं लिहून आणल्यालं दिसतंय."

घरनं लिहून आणलेलं! संगणकाबरोबर आलेल्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्याकडे होती. तीन सकाळी, कळप यायच्या आधी, डिक्शनरी उघडून मी त्यातलं संदेशांचं प्रकरण वाचून काढलं. जुळणी संपली किंवा फसली की सॉफ्टवेअर एक छोटी फाइल उघडतं. तिला पुस्तकात मेसेज हँडलर म्हटलं होतं. कुणाला काय सांगायचं ते त्या फाइलमध्ये आपण लिहून ठेवायचं. पण खरी मेख पुढे होती. जे दर वेळी बदलणार, ते आपण लिहायचं नाही. त्याच्या जागी दोन टक्केचिन्हांच्या मध्ये एक ठरलेला शब्द लिहायचा. %साइट% लिहिलं की ज्या शाखेची जुळणी फसली तिचं नाव सॉफ्टवेअर स्वतः घालणार. %टाइम% लिहिलं की त्या क्षणाची वेळ. %एरर% लिहिलं की फसण्याचं कारण. लग्नपत्रिकेवर 'श्री.' छापून पुढं जागा मोकळी ठेवतात, पाहुण्याचं नाव नंतर हातानं घालतात, तसंच. साताऱ्याच्या शहाण्यांनी पाचशे पत्रिका एकाच पाहुण्याच्या नावानं छापल्या होत्या, आणि तो पाहुणा मी होते.

रविवारी मी साताऱ्याला मामाकडे जाऊन राहिले आणि सोमवारी साडेदहाला कार्यालयात पोचले. मॅनेजर साहेबांनी बसा म्हटलं नाही. मी दुरुस्तीची पोचपावती पुढं ठेवली. त्यांनी तिच्यावर पेपरवेट ठेवला.

"बाई, मशीन खोटं बोलत नसतं."

"मशीन सांगितलेलं बोलतं, साहेब. काय सांगितलंय ते मला बघू द्या."

त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. मी दारातून बाहेर पडले तशी पाठीमागे ते कुणालातरी म्हणाले, "ह्यांना खुर्ची दिली की असं होतं." ह्यांना म्हणजे कुणाला, ते आमच्या घरात लहान पोरालाही फोड करून सांगावं लागत नाही. मी परत वळले नाही. गोळ्या मोजून मिळतात.

संगणकाच्या खोलीत साताऱ्याचा ऑपरेटर होता, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, भिडस्त माणूस. मी सांगितल्यावर त्यानं फाइल उघडली. पडद्यावर तीच ओळ होती. एकही टक्केचिन्ह नाही. कवठे महांकाळ, अक्षर न् अक्षर, हातानं टाइप केलेलं.

तो खाली बघत म्हणाला, "ताई, ह्ये चाचणीचं हाय. पहिली जुळणी तुमच्या शाखेसंगं केल्याली. तवा लिवलं आन तसंच राहिलं."

"म्हणजे आष्ट्याची फसली तरी माझं नाव?"

"व्हय."

"शिरवळची फसली तरी?"

"व्हय, ताई."

"आणि 'ऑपरेटरच्या चुकीमुळे' हे कुणी घातलं?"

त्यानं दाराकडे बघितलं. "साहेब म्हणाले, फसली म्हंजी तिकडच्या पोरीचीच चूक आसनार. दुसरं कोन आसतंय?"

मी खुर्ची ओढून बसले आणि ती ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं: 'शाखा %साइट%. वेळ %टाइम%. कारण %एरर%.' चूक हा शब्द लिहिलाच नाही. कुणाची ते वाचणारा ठरवील. ऑपरेटर म्हणाला, साहेबांना विचारून करू. मी म्हटलं, माझं नाव घालताना मला विचारलं होतं का?

त्या दिवशी सव्वाअकराच्या आत प्रिंटर वाजला. शाखा आष्टा, वेळ अकरा बारा, जोडणी तुटली. मी कागद साहेबांकडे नेला. ते म्हणाले, एखाद्या दिवशी असं होतं. मंगळवारी पुन्हा: शाखा शिरवळ, वेळ अकरा नऊ, जोडणी तुटली. शाखा बदलली होती, वेळ मात्र तिथंच घुटमळत होती. आष्ट्याची बाई अकरा बाराला चुकते आणि शिरवळचा माणूस अकरा नऊला, हे काही ठरवून होत नव्हतं. रोज त्याच सुमाराला याच इमारतीत काहीतरी होत होतं.

बुधवारी मी संगणकासमोर बसलेच नाही. साहेबांच्या केबिनचं दार दिसेल अशा बाकड्यावर बसले, मांडीवर घड्याळ काढून. अकराला मोडेम किंचाळला. अकरा पाचला साहेबांचा चहा आला. चहा संपला, कपबशी बाजूला सरकली. मग साहेबांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला, कपाळाला आठी घातली, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि शेजारच्या खोलीत प्रिंटर करकरायला लागला.

आजच्या माणसाला सांगावं लागेल. त्या काळात फोन हा आजारी माणसासारखा होता, केव्हा मरेल भरवसा नाही. म्हणून ज्याच्याकडे फोन असायचा तो दिवसातून दहा वेळा रिसीव्हर उचलून टोन आहे का बघायचा. कुणाला फोन करायचा नसला तरी. आमच्या पोस्टमास्तरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ही खोड होती. साताऱ्याच्या कार्यालयात एकच लाइन होती, दुसरीचा अर्ज केव्हाचा पडून होता. मोडेम आणि साहेबांचा फोन एकाच तारेवर होते. चहा झाला की साहेब टोन बघायचे, आणि त्या घटकेला जी शाखा तारेवर असेल तिची जुळणी तिथंच मरायची.

मी प्रिंटरवरचा कागद फाडला आणि केबिनमध्ये गेले. मागोमाग ऑपरेटर आला, दारात थांबला.

"साहेब, तुम्ही आत्ता फोन उचललात."

"टोन आहे का बघत होतो. त्यात काय झालं?"

"त्यात शिरवळ गेलं." कागद मी टेबलावर ठेवला. शाखा शिरवळ, वेळ अकरा दहा. भिंतीवरच्या घड्याळात अकरा अकरा झाले होते. "काल पण शिरवळ गेलं, परवा आष्टा. गेल्या महिन्यात एकदा मी गेले, त्या दिवशी एक म्हातारा माणूस कळप घेऊन बसून होता. बाकीच्या वेळी मी तारेवर नव्हतेच."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण रिसीव्हरवरचा हात त्यांनी हळूच काढून घेतला. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "हुशार आहात. आता असं करा, संदेशातली वेळ तेवढी काढून टाका. शाखेचं नाव राहू दे. वरच्या लोकांना उगाच जास्त माहिती कशाला?"

"मी काढणार नाही."

"मी सांगतोय."

"तुम्ही काढा, साहेब. फाइल उघडीच ठेवलीय."

साहेबांना संगणक सुरूसुद्धा करता येत नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ऑपरेटरकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तो भिडस्त माणूस म्हणाला, "वेळ आसलेली बरी हाय, साहेब," आणि निघून गेला.

साहेबांनी खण उघडला आणि एक सायक्लोस्टाइलचा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमची फाइल आता पुढं गेलीय. कागद पुरा करायला लागतो. हा भरा, सही करा, पुढच्या ऑर्डरचं मी बघतो. नाही भरलात तर महिनाअखेर आहेच."

त्या कार्यालयात माफीनामेसुद्धा तयार असायचे. 'मी ............, शाखा ............, दिनांक ............ रोजी ............ या कारणाने माझ्याकडून झालेली चूक मान्य करत आहे.' चूक छापलेली होती, माणूस तेवढा भरायचा बाकी होता. प्रिंटरच्या ओळीत जागा मोकळ्या ठेवायच्या तिथं यांनी माझं नाव कोरून ठेवलं होतं, आणि इथं छापील गुन्ह्याला माणसाची वाट बघत जागा मोकळी होती.

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. ऑर्डर गेली तर आई डबा कुणाला देणार, हेच आधी मनात आलं. वस्तीतले लोक काय म्हणतील तेही आलं. आमच्यातलं कुणी पुढं गेलं की सगळे त्याच्याकडे बघतात, आणि मागं आलं की त्याहून जास्त बघतात. एक सही केली की सगळं मिटत होतं. पण तिसरी माफी मागायला माझं तोंडच उघडेना.

मी बाहेर बाकड्यावर बसून फॉर्म भरला. मशीन भरेल तसाच भरला, जे खरं घडलं तेवढंच. शाखा: मुख्य कार्यालय, सातारा. दिनांक: आजचा, पुढं वेळ अकरा दहा. कारण: जुळणी चालू असताना त्याच लाइनवरचा फोन उचलला. नावाच्या जागी काही लिहिलं नाही. खाली समासात लिहिलं, 'ही जागा ज्यांची आहे त्यांनी भरावी,' आणि त्याखाली मात्र माझी पूर्ण सही केली, आडनावासकट. तिन्ही दिवसांचे प्रिंटरचे कागद मागं टाचले. झेरॉक्स काढली. मग साहेबांकडे न जाता सरळ आवक-जावकच्या टेबलाकडे गेले.

आण्णांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "कागूद दिला तर आवक नंबर घे, आन ओसी घेतल्याबिगर हलू नगंस." ओसी म्हणजे ऑफिस कॉपी, शिक्का मारलेली आपली प्रत. आपल्याकडे कागद फाडता येतो, पण आवक नंबर पडलेला कागद फाडता येत नाही. तिथल्या बाई रिटायरमेंटला आलेल्या होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, मागचे कागद उलटून बघितले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, परत देतात. त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि फॉर्मवर असा हाणला की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला. मग झेरॉक्सवरही हाणला.

"ही तुमची ओसी," त्या म्हणाल्या. "घडी घालू नका, शिक्का पुसतो."

मी दुपारच्या एसटीनं निघाले. योगायोग असा की त्याच गाडीच्या टपावर बर्फाच्या पेट्या चढत होत्या, आणि त्यातल्या एकीवर कवठे महांकाळ लिहिलेलं होतं. सांगलीपर्यंत ओसी मी मांडीवर सपाट धरून बसले होते.

महिना संपला. ऑर्डर आली नाही. पगार बंद झालेला असताना मी रोज जाऊन खोली उघडत होते, कारण कळप येत होते. अकराव्या दिवशी टपालानं पाकीट आलं. पुढच्या सहा महिन्यांची ऑर्डर होती. तीही सायक्लोस्टाइलच. मेमोचा उल्लेख नाही, माफीचा नाही. मधल्या जागेत साहेबांच्या अक्षरात माझं नाव भरलेलं होतं. आण्णांनी फ्रॉम, टू, टाइम तपासलं आणि म्हणाले, "आत्ता हाय मेसेज." आईनं दुसऱ्या दिवशी डबा देताना आवाज आणखी चढवला.

त्या संस्थेत मी पुढं तीन वर्षं काढली. त्या माफीनाम्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, कुणी फाइल बंदही केली नाही. शिक्का मारलेली ओसी माझ्या कपाटात आहे, घडी न घालता. शाखा भरलेली आहे, दिनांक भरलेला आहे, वेळ आणि कारणही आहे. नावाची जागा तेवढी अजून कोरी आहे.